प्रेसनोटखालचं नाव

आज दुपारी आमच्या जनसंपर्क टीममधली सगळ्यात नवी मुलगी लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आली. क्लायंटची प्रेसनोट होती. तिसऱ्या परिच्छेदात प्रतिस्पर्धी कंपनीच्या मालकाबद्दल 'ग्राहकांचे पैसे बुडवल्याचे समजते.' विचारलं, कुणाकडून समजतं? म्हणाली, "क्लायंटनं सांगितलंय. वरून ओके आहे, फक्त पाठव म्हणालेत."

डोकंच फिरलं माझं.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी हेच 'फक्त पाठव' मी ऐकलं होतं. क्लायंटचं जुन्या भागीदाराशी फाटलेलं. 'अफरातफर' हा शब्द त्याचा, टाइप केला मी. मनात खटकलं, म्हणून आधी 'कथित' जोडलं आणि निर्धास्त झाले. रात्री साडेनऊला मेल गेला. बाराव्या दिवशी वकिलाची नोटीस आली, त्यात क्लायंटच्या खाली माझं नाव. का नसणार? प्रेसनोटच्या तळाशी 'संपर्क' म्हणून मीच होते ना!

'कथित' लावलं की सुटलो, 'असे समजते' लिहिलं की सुटलो, हे या धंद्यात कोण शिकवतं कुणास ठाऊक. दुसऱ्याची बदनामी आपण पुढे पोचवली, तर ती आपणही केलेली असते. भारतीय न्याय संहितेचं कलम 356 वाचा, जुन्या भारतीय दंड संहितेतलं 499 आणि 500 तेच. दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा. कंपनीचीसुद्धा बदनामी होते, हेही तिथेच लिहिलंय. 'पण ते खरंच आहे' म्हणाल, तर दिवाणी दाव्यात ते खरं असल्याचं सिद्ध करायचं ओझं आपल्यावर. फौजदारीत नुसतं खरं असूनही भागत नाही, ते सांगणं लोकहिताचं होतं हेही दाखवावं लागतं.

आणि क्लायंटबरोबरच्या करारातलं ते 'नुकसान झालं तर क्लायंट भरून देईल' असं नुकसानभरपाईचं कलम! आमचे साहेब तेव्हा तेच दाखवत होते. अहो, ते पैशांपुरतं. आरोपी म्हणून कोर्टात उभं राहायला क्लायंट आपल्या जागी येत नाही.

हो, मान्य आहे, याच कायद्याचा धाक दाखवून खरं बोलणाऱ्यांची तोंडं बंद करणारेही आहेत. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं फौजदारी बदनामी घटनेत बसते असं सांगितलं, तेव्हा मलाही ते पटलं नव्हतं. पण आपण काही जिवावर उदार होऊन घोटाळे उघड करत नाही. आपण पैसे घेऊन मजकूर लिहितो.

त्या नोटिशीतला एक परिच्छेद मला अजून पाठ आहे. मुलीच्या शाळेच्या फाटकाशी दुसऱ्या पालकांनी त्या भागीदाराला विचारलं होतं, "पेपरात आलंय ते तुमचंच का?" मुलगी हात धरून शेजारी उभी होती. त्याला मी कधी पाहिलंही नव्हतं. क्लायंटकडे अफरातफरीचा एक कागद निघाला नाही. शेवटी माफीपत्र निघालं, आतल्या पानावर, चार ओळींचं. तेही मीच टाइप केलं.

त्या पोरीवर मी आज आवाज चढवला, ते चुकलं. तिचा काय दोष? नंतर तिला शेजारी बसवून तिसरा परिच्छेद काढला. क्लायंटकडे कागदपत्रं मागितली आहेत. वरिष्ठांना सांगितलंय, ती येईपर्यंत तो परिच्छेद जाणार नाही.

तळाशी 'संपर्क' म्हणून तिचं नाव होतं. ते खोडून माझं घातलंय.