आयांचे डोळे आधीच उघडे होते

'मुली मोर्चाला नेतात तेव्हा आयांच्या पिढीचे डोळे उघडतात' हे गर्भपाताच्या हक्कावरच्या लेखातलं वाक्य काही पटलं नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये आयर्लंडमध्ये डब्लिनच्या 'मार्च फॉर चॉइस'ला, म्हणजे गर्भपाताच्या हक्कासाठीच्या मोर्चाला, आईनेच मला ओढून नेलं. आम्ही मूळचे बेळगावचे, सविता हलप्पनवार आमच्याच गावची. २०१२ मध्ये आयर्लंडमधल्याच गॉलवेत, गर्भ वाचणार नाही हे ठाऊक असूनही ठोके चालू आहेत म्हणून तिला गर्भपात नाकारला आणि ती जंतुसंसर्गाने गेली. आई निवृत्त नर्स. "बाई तापाने फणफणलीय आणि हे ठोके कसले मोजत बसले?" हे तिचं तेव्हापासून चालू आहे. पातळावर 'रिपील' (रद्द करा) लिहिलेला काळा स्वेटर चढवून ती माझ्यापुढे चालत होती. (गर्भपातावर जवळपास बंदी घालणारी आयर्लंडची आठवी घटनादुरुस्ती २०१८च्या सार्वमतात रद्द झाली, तेव्हा पहिला फोन तिचाच.)

आणि भारतात १९७१ पासून गर्भपाताचा कायदा आहे म्हणजे तिकडे सगळं आलबेल, हा लेखाचा सूर तर तिच्यासमोर काढूच नका. कायद्याने सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. तरी 'नवऱ्याची सही आणा' म्हणून परत पाठवलेल्या बायका तिने नोकरीत किती पाहिल्या! बिनलग्नाच्या मुलींचं तर विचारायलाच नको.