3,000 तास कशासाठी? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. इतकं सविस्तर लिहिल्याबद्दल आभार. तुमचा आक्षेप थोडक्यात असा : एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) झालेल्या तुमच्या भाचीकडून कॅलिफोर्नियात क्लिनिकल सोशल वर्करच्या, म्हणजे मानसोपचार करणाऱ्या समाजकार्यकर्त्याच्या, लायसन्ससाठी आणखी 3,000 तास भरून घेणं ही निव्वळ पिळवणूक आहे, आणि मी त्या पिळवणुकीची भलामण करते.

पगाराबद्दल तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. असोसिएटना, म्हणजे लायसन्ससाठी हे तास भरणाऱ्यांना, कुठे तुटपुंज्या पगारावर राबवतात, कुठे बिनपगारी. स्वयंसेवक म्हणून भरलेले तासही कायद्याने धरले जातात. हे बदलायलाच हवं. पण म्हणून तासच कमी करा, हे मला पटत नाही.

समजा, समोरची बाई म्हणाली, "आता जगण्यात काही राम नाही." नवखी असोसिएट घाबरून धीर द्यायला लागते. मग सुपरव्हिजनला, म्हणजे देखरेखीच्या साप्ताहिक बैठकीत, वरिष्ठ विचारतात : मरणाचे विचार येतात का, असं सरळ विचारलंस? कसं मरायचं ते तिने ठरवलंय? घरात बंदूक आहे? किल्ली कोणाकडे असते? हे प्रश्न पुस्तकात असतातच. पण रडणाऱ्या माणसाला ते विचारायचे आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसायचं, हे कोणीतरी आठवड्यामागून आठवडे पाठीशी बसल्याशिवाय अंगवळणी पडत नाही. म्हणूनच किमान 104 आठवडे लागतात आणि त्यात किमान 750 तास समोरासमोरच्या मानसोपचाराचे असावे लागतात. लायसन्स मिळालं की स्वतंत्र प्रॅक्टिस करता येते. तिथे चुकलं तर सावरायला शेजारी कोणी नसतं.

हा अमेरिकी हट्टही नव्हे. आपल्याकडच्या 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातली सायकियाट्रिक सोशल वर्करची व्याख्या वाचा : समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीनंतर दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल., तेही देखरेखीखालच्या क्लिनिकल प्रशिक्षणासह.

राग काढायचाच तर तिकडच्या लायसन्सच्या परीक्षेवर काढा. परीक्षा घेणाऱ्या संस्थेनेच 2022 मध्ये आकडे जाहीर केले : क्लिनिकल परीक्षेत पहिल्याच प्रयत्नात पास होणारे गोरे उमेदवार सुमारे 84 टक्के, कृष्णवर्णीय सुमारे 45 टक्के. इतकी तफावत असलेल्या बहुपर्यायी पेपरवर कोणाची लायकी ठरवणं मला अन्यायाचं वाटतं.

भाचीला मात्र एवढं सांगाच : नोकरी घेण्याआधी सुपरव्हायझर कोण आणि दर आठवड्याला किती वेळ देणार, ते लेखी घे. तासांच्या नोंदीवर वेळच्या वेळी सही घे. आणि कोणी कंत्राटी म्हणून, 1099 वर (कंत्राटदारांसाठीचा अमेरिकी कर-फॉर्म), ठेवतो म्हणालं तर सरळ नाही म्हण; कॅलिफोर्नियात ते तास धरत नाहीत.