'तुले काय समजस?' : धावपट्टीच्या रुंदीवर एका प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या लेखात मी लिहिलं होतं की एटीआर ७२ सारख्या पंख्याच्या छोट्या प्रवासी विमानाला ३० मीटर रुंदीची धावपट्टी नियमानेही पुरते आणि हिशेबानेही. त्याखाली 'खान्देशी बाणा' या नावाने एक लांबलचक प्रतिक्रिया आली. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी सारांश देतो. एक, "रनवे जितका रुंद तितका सुरक्षित, यात कसलं डोकं लागतं?" दोन, ३० चे ४५ करायला दोन्ही बाजूंना डांबर ओतायचं, बाकी काही नाही. तीन, मुंबई-पुण्याला ४५ आणि खान्देशाला ३० हा सावत्रपणा, आणि माझ्यासारखे लोक त्याला शास्त्राचा मुलामा देतात. चार, पुढे मोठी विमानं आणायची असतील तर आत्ताच ४५ करणं स्वस्त पडेल. पाच, नुसते फोटो बघून मी रुंदी सांगतो, टेप घेऊन मोजायला गेलो होतो का? आणि शेवटी, "तुले काय समजस रे भो?"

आधी या शेवटाबद्दल. अहिराणी माझ्याही घरची भाषा आहे. 'तुले' आपण जिवाभावाच्या माणसालाही म्हणतो आणि बांधावरच्या भांडणातही म्हणतो, आणि त्यातलं कुठलं कुठे चाललंय हे ऐकणाऱ्याला बरोबर कळतं. मलाही कळलं. बावीस वर्षं फरसबंदीच्या कामांवर मोजमाप-पुस्तकं भरली आहेत, त्यात दोन धावपट्ट्याही होत्या, त्यामुळे थोडंफार समजतं भाऊ. एवढं बोलून पुढे जातो.

एक चूक मात्र माझी. रुंदी पंखांच्या विस्तारावरून ठरते असं मी लिहिलं होतं. आयकाओच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, अ‍ॅनेक्स १४ या विमानतळ-आखणीच्या नियमावलीतला तक्ता २०१८ पासून बदललाय. आता धावपट्टीची रुंदी दोन गोष्टींवर ठरते: विमानाला प्रमाण परिस्थितीत लागणारी लांबी, आणि मुख्य चाकांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर. पंखांचा विस्तार शोल्डर (डांबराच्या कडेचा जोडपट्टा), टॅक्सीवेपासून (विमानाच्या ये-जा करण्याच्या वाटेपासून) बाजूला सोडायचं अंतर, दोन विमानांमधलं अंतर यांसाठी अजून लागतो. प्रतिक्रियेत तुम्ही ही चूकही दाखवलीत, त्याबद्दल आभार. तुमच्या मुद्द्याला तिचा काही उपयोग नाही, ते सोडा.

आता तुमचं ते पहिलं वाक्य.

विमान धावपट्टीवरून बाजूला का जातं, इथून सुरुवात करू. सगळ्यात वाईट प्रसंग म्हणजे उड्डाणासाठी धावताना एक इंजिन बंद पडणं. दुसरं पूर्ण जोरात असतं, त्यामुळे विमान बंद इंजिनाच्या बाजूला वळायला बघतं. वैमानिक रडरने, म्हणजे शेपटीच्या उभ्या हलत्या पात्याने, ते सावरतो. वेग कमी असेल तर रडरवर पुरेशी हवा नसते, ते दुबळं पडतं. म्हणून प्रत्येक विमानासाठी एक किमान वेग चाचणीने ठरवतात, त्याला व्हीएमसीजी म्हणतात. त्याची अट अशी: त्या वेगाला इंजिन गेलं, तर फक्त रडरवर, पुढच्या चाकाच्या स्टिअरिंगची मदत न धरता, विमान सेंटरलाइनपासून ३० फुटांपेक्षा जास्त सरकता कामा नये. ३० फूट म्हणजे ९.१ मीटर.

आता कागद घ्या. ३० मीटर धावपट्टीची अर्धी रुंदी १५ मीटर. त्यातून ९.१ वजा. एटीआर ७२ च्या बाहेरच्या चाकांमधलं अंतर पाच मीटरच्या आत आहे, त्याचं अर्ध म्हणून अडीच वजा. चाकाच्या कडेपासून डांबराच्या कडेपर्यंत साडेतीन मीटरच्या आसपास उरतात. तोच हिशेब ए३२० या मोठ्या जेट विमानाला लावा. त्याचं अंतर नऊ मीटरला जेमतेम कमी, अर्ध साडेचार. उरतं १.४ मीटर, म्हणजे एका माणसाच्या उंचीपेक्षाही कमी. बाजूचा वारा वेगळाच. ४५ वर त्याच ए३२० ला ८.९ मीटर मिळतात. तक्ता नुसता या एका वजाबाकीतून निघालेला नाही, पण एटीआरला ३० आणि ए३२० ला ४५ का, ते यातून पोराटोरांनाही कळेल. एटीआरचं संदर्भ अंतर, म्हणजे ती प्रमाण परिस्थितीत लागणारी लांबी, १२०० ते १८०० मीटरमध्ये, म्हणजे तक्त्यातल्या लांबीच्या गटांपैकी कोड ३, म्हणून ३० मीटर. ए३२० कोड ४ मध्ये जातं, म्हणून ४५. शिकाऊ वैमानिकांचं सेस्ना १७२ कोड १ मधलं, त्याला तक्त्यात १८ पुरतात. ए३२० ३० मीटरवर उतरतच नाही असंही नाही. अरुंद पट्टीसाठी वेगळी मान्यता असते, पण त्यात बाजूच्या वाऱ्याची मर्यादा खाली येते आणि उड्डाणाचे वेग बदलतात. ते रोजच्या वेळापत्रकाचं काम नाही.

म्हणजे तुमच्या वाक्यात 'कुठल्या विमानाला' हे शब्दच नाहीत. ते टाकल्याशिवाय 'जितका रुंद तितका सुरक्षित' याला अर्थ नाही. गावच्या विहिरीला दोर जितका लांब तितका चांगला, असं म्हणण्यासारखं आहे हे.

उलट गरजेपेक्षा जास्त रुंदीचे तोटेही आहेत. उतरताना वैमानिक धावपट्टीचा आकार डोळ्याने वाचतो. सवयीपेक्षा रुंद पट्टी दिसली की आपण जमिनीच्या जास्त जवळ आलोय असं वाटतं, आणि तो वरच असताना नाक उचलतो. विमान तरंगत राहतं आणि मग आदळतं. (अरुंद पट्टीवर याच्या उलट होतं, वैमानिक खाली येतो. म्हणून अरुंद म्हणजे चांगली असंही मी कुठे म्हटलेलं नाही.) दुसरं पाणी. कोड सी (पंखांच्या विस्ताराचा गट, एटीआर आणि ए३२० दोन्ही त्यातच) विमानांसाठी आडवा उतार एक ते दीड टक्का. ३० मीटर पट्टीवर माथ्यापासून कडेपर्यंत पाण्याला १५ मीटर जायचं असतं, ४५ वर साडेबावीस. वाट लांबली की कडेजवळ पाण्याचा थर जाड होतो, आणि चाक पाण्यावर घसरण्याचा धोका त्या थरावर अवलंबून असतो. आपल्याकडे पाऊस महिनाभर दडी मारतो आणि मग एका दुपारी कोसळतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आणि बाजूला गेलेलं विमान वाचवायला डांबराच्या पुढची जमीन कामाला येते. स्ट्रिप म्हणतात तिला. इन्स्ट्रुमेंट धावपट्टीला, म्हणजे जिथे उपकरणांच्या मदतीने उतरता येतं तिला, कोड ३ आणि ४ साठी सेंटरलाइनपासून दोन्हीकडे १४० मीटर, त्यातले निदान ७५ मीटर सपाट केलेले. तिथे चर, उघडं चेंबर, काँक्रीटचा ठोकळा असं काही नको. साडेसात मीटर डांबर वाढवून पलीकडे उघडी नाली ठेवली तर सुरक्षितता वाढली की घटली, तुम्हीच सांगा. पैसा थोडा असेल तर मी आधी स्ट्रिप नीट करीन, मग टोकाची सुरक्षा-जागा, म्हणजे रेसा. ती किमान ९० मीटर लांब असावी, २४० ची शिफारस आहे. आणि तिची रुंदी धावपट्टीच्या दुप्पट लागते, म्हणजे पट्टी ३० ची ४५ केलीत की रेसाही ६० ची ९०. हे तुमच्या 'डांबर ओतायचं' मध्ये धरलं होतं का?

ओतण्यावरून आठवलं. १७०० मीटरची पट्टी धरा. १५ मीटर जास्त म्हणजे २५,५०० चौरस मीटर, सात मीटर रुंदीचा दुपदरी रस्ता साडेतीन किलोमीटर होईल एवढं क्षेत्र. वरचे डांबराचे थर मिळून १० सेंटिमीटर धरले तरी २,५५० घनमीटर, म्हणजे सहा हजार टनांच्या वर. सोळा टनांच्या टिपरच्या पावणेचारशेच्या वर खेपा. आणि हे नुसतं वरचं.

खाली आपली काळी माती आहे. उन्हाळ्यात तिला हात घालाल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती फुगते. जुन्या फरसबंदीखालची माती झाकलेली असते, तिचा ओलावा बऱ्यापैकी ठरलेला असतो. कडेची माती मात्र दरवर्षी फुगते आणि आक्रसते. तिथे नवा साडेसात मीटरचा पट्टा जोडला की जुना भाग जागच्या जागी राहतो आणि नवा खालीवर होतो. दोन-तीन पावसाळ्यांत जोडावर सरळ रेषेत लांबच लांब भेग. पाणी तिथून आत जातं, कडा झिजतात, खडी सुटते. ती खडी पंख्याच्या पात्यांना लागते. म्हणून काम असं करावं लागतं: जुन्या पट्टीची सैल झालेली कड करवतीने सरळ कापायची, काळी माती डिझाइनच्या खोलीपर्यंत काढून चांगला मुरूम भरायचा, किंवा तीच माती चुना मिसळून स्थिर करायची, जुन्या थरांना पायऱ्या कापायच्या, म्हणजे नव्या थराचा जोड खालच्या जोडाच्या वर येणार नाही, मग जीएसबी आणि डब्ल्यूएमएम हे खडीचे थर, डीबीएम हा डांबरी थर, वरचा थर, आणि जोडाच्या उभ्या तोंडाला टॅक कोट (चिकटवणारं पातळ डांबर) न विसरता. दबाई सगळ्यात जास्त फसते ती जोडाजवळच, कारण रोलर जुन्या कडेला टेकायला घाबरतो. घनतेची चाचणी नेमकी तिथेच घ्यायची असते, आणि नेमकी तिथेच कोणी घेत नाही.

वर दिवे. कडेचे दिवे कडेपासून तीन मीटरच्या आत लागतात, म्हणजे सगळे उपटून पुन्हा बसवायचे. साठ मीटरच्या अंतराने दोन्ही बाजूंचे मिळून साठेक दिवे, त्यांचे डबे, केबल, नळ्या. उतरण्याचा कोन दाखवणारी दिव्यांची रांग, पापी, धावपट्टीच्या कडेपासून १५ मीटरवर असते, तीही सरकणार. दीड टक्क्याचा उतार तसाच पुढे नेला तर नवी कड जुन्यापेक्षा सव्वाअकरा सेंटिमीटर खाली जाते, म्हणजे स्ट्रिपची जमीनही पुन्हा खालवायची. हे सगळं विमानं बंद ठेवून.

सावत्रपणाबद्दल. मुंबईचा मुख्य ०९/२७ रनवे ४५ नाही, ६० मीटरचा आहे. तुलना करायचीच तर निदान पूर्ण करा. उन्हाचं कारणही कोणी पुढे करेल. आपल्याकडच्या उन्हामुळे जास्त जागा लागते हे खरं, पण ती लांबीत. १५ अंशांच्या प्रमाण तापमानाला एटीआरला सुमारे १३०० मीटर लागतात. अडीचशे मीटर उंचीचे सहाएक टक्के, आणि ४२ अंशांचं संदर्भ तापमान धरून त्या उंचीच्या प्रमाण तापमानापेक्षा वरच्या दर अंशाला एक टक्का मिळवला की आकडा १७७० च्या आसपास जातो. रुंदी तेवढीच राहते. उन्हात इंजिनाचा जोर घटतो, त्यामुळे एक इंजिन गेल्यावर विमानाला वळवणारा जोरही घटतो. खान्देशावर अन्याय मोजायचा असेल तर लांबी मोजा, तिथे मी तुमच्या बाजूने लिहीन.

पुढच्या मोठ्या विमानांसाठी आत्ताच ४५, हा चौथा मुद्दा वेगळा विषय आहे. त्यावर कधीतरी.

आणि फोटोवरून रुंदी. धावपट्टीच्या टोकाला पांढरे उभे पट्टे असतात, ३० मीटर लांब. त्यांची संख्या रुंदीवरून ठरलेली असते: १८ मीटरला चार, २३ ला सहा, ३० ला आठ, ४५ ला बारा, ६० ला सोळा. मोबाइलवर उपग्रहाचा नकाशा उघडून झूम केलं की मोजता येतात, टेप लागत नाही. तुमच्या गावाजवळची पट्टी उघडा आणि किती भरले ते इथेच लिहा, भो.