‘बायका युद्धात फक्त मलमपट्टी करत होत्या’ म्हणणाऱ्यांना

लढाऊ तुकड्यांत मुलींना घेण्याचा विषय निघाला की एक मजकूर हमखास फिरू लागतो. मोठ्या युद्धांत बायका मागे राहून मलमपट्टी करत होत्या, बंदूक घेतलेल्या चारदोघी प्रचारापुरत्या होत्या, त्यांना सवलती मिळत आणि युद्ध संपताच त्या स्वखुशीने संसाराला लागल्या, असं त्यात ठामपणे लिहिलेलं असतं. दुसऱ्या महायुद्धातल्या सोव्हिएत स्त्रियांसमोर यातलं काहीही टिकत नाही.

मलमपट्टीचंच आधी घेऊ. सुमारे ८ लाख सोव्हिएत स्त्रिया सैन्यात होत्या आणि त्यांतल्या पुष्कळ जणी वैद्यकीय कामावर होत्या, हे खरं. पण ते काम फक्त आघाडीमागचं नव्हतं. १५ जखमींना त्यांच्या शस्त्रांसह रणांगणातून बाहेर आणणाऱ्याला पदक द्यावं, असा आदेश ऑगस्ट १९४१मध्ये निघाला होता. गोळीबार चालू असताना धिप्पाड सैनिकाला त्याच्या रायफलीसकट ओढत आणणाऱ्या मुलीला ‘मागे होती’ कसं म्हणायचं?

प्रचाराचा आरोप लपून नेम धरणारी नेमबाज (स्नायपर) ल्युदमिला पावलिचेंकोवर होतो. १९४२चा तिचा अमेरिका दौरा प्रचाराचाच होता. पण ओडेसा आणि सेवास्तोपोल इथे लढून, जखमी होऊन मग ती तिकडे गेली होती. तिच्या नावावर ३०९ शत्रुसैनिक टिपल्याची नोंद होती. तिथल्या पत्रकारांनी तिला विचारलं काय, तर आघाडीवर मेकअप करू देतात का! गणवेशाच्या स्कर्टच्या लांबीवरही बोलून झालं.

आता सवलती. हा मुद्दा मला सर्वांत जास्त खटकतो. वैमानिक मरीना रास्कोवाच्या पाठपुराव्यामुळे ऑक्टोबर १९४१मध्ये स्त्रियांच्या तीन हवाई रेजिमेंट उभारण्याचा आदेश निघाला. त्यांतल्या ५८८व्या रात्र-बॉम्बफेकी रेजिमेंटमध्ये वैमानिकांपासून मेकॅनिकपर्यंत सगळ्या स्त्रियाच. गणवेश आणि बूट पुरुषांच्या मापाचे. विमान पीओ-२, म्हणजे लाकूड आणि कापडाचं, मुळात प्रशिक्षणासाठी बनवलेलं. लक्ष्याजवळ इंजिन मंदावून तरंगत जायचं, बॉम्ब टाकायचे, परतायचं आणि नवे बॉम्ब लावून त्याच रात्री पुन्हा निघायचं. नादेझ्दा पोपोवाने एका रात्रीत अशा १८ फेऱ्या केल्या. १९४४पर्यंत पॅराशूटही नव्हतं. ३१ जुलै १९४३च्या रात्री जर्मन लढाऊ विमानाने यांची चार विमानं पाडली, आठ जणी गेल्या. सुरुवातीला वरिष्ठांचा या मुलींवर विश्वास नव्हता; फेब्रुवारी १९४३मध्ये त्याच रेजिमेंटला ‘गार्ड्स’ हा मानाचा किताब मिळाला. युद्धभरात २३ हजारांहून अधिक उड्डाणं झाली आणि २३ जणींना ‘सोव्हिएत संघाचा वीर’ हा सर्वोच्च सन्मान मिळाला. याला सवलत म्हणणाऱ्याने या मुलींना कोणतं काम सोपं करून दिलं होतं ते दाखवावं.

आणि ‘स्वखुशीने’? काही जणींना घरी जायचंच होतं, चार वर्षांच्या युद्धानंतर कुणाला नसेल! पण ऑक्टोबर १९४५मध्ये रेजिमेंटच बरखास्त झाली. आपल्या कामगिरीबद्दल स्वतः बोलू नका, असा सल्ला राष्ट्रप्रमुख कालिनिन यांनी परतणाऱ्या मुलींना जुलै १९४५मध्येच दिला होता. गावोगावी त्यांच्या चारित्र्यावर शिंतोडे उडाले. आघाडीवर होती म्हणजे अधिकाऱ्याची ठेवलेली असणार, असं उघड बोललं गेलं. लग्नं जमेनात म्हणून अनेकींनी सैन्यात होतो हेच लपवलं. मजकूर पुढे पाठवणाऱ्यांनी निदान तो ‘स्वखुशीने’ तरी आधी खोडावा.