चार टीबीची कटती

आमच्या दारव्ह्याकडे लग्नाचं शूटिंग म्हणजे हळदीपासून बिदाईपर्यंत सगळं लागतं, वरून पंगतीतल्या प्रत्येकाचा चेहरा दिसावा लागतो. कोण आलं अन कोण रुसून घरी बसलं, याचा तो पुरावा असतो. फोर-के सुरू झाल्यापासून हे पुरावे ठेवायला जागा पुरेना, म्हणून यवतमाळहून चार टीबीची हार्ड डिस्क आणली.

भाच्याने ती पीसीत बसवली, स्क्रीनने जे विचारलं त्याला वाचायच्या आधीच 'ओके' केलं आणि आकडा पाहिला. १.९९ टीबी.

बाबा बाजूला चहा घेत होते. टीबी म्हणजे काय ते त्यांना ठाऊक नाही, पण चाराचे दोन झालेले बरोब्बर कळतात.

"काहून बे, डिस्क ओली होती काय?"

आमच्याकडे हा प्रश्न थट्टेचा नाही. सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या केंद्रावर कापसात ८ टक्क्यांच्या वर ओलावा निघाला की भाव उतरतो, १२ च्या वर गेला की गाडी घरी. खाजगी व्यापारी तर गंजीत नुसता हात खुपसून कटती, म्हणजे किती कापणार ते, सांगतो. पण निम्म्याला निम्मी कटती बाबांनीही कधी पाहिली नव्हती.

दुकानदाराला फोन लावला. "फॉर्मॅट मारून पाहा, भाऊ." मारला. १.९९. "मंग केबल बदला." बदलली. १.९९. दुकानदारांच्या सल्ल्याला एक क्रम असतो: फॉर्मॅट, केबल, आणि मग फोन न उचलणं. तेवढ्यात लाइन गेली, म्हणून आम्हीही थोडं थंडावलो.

अंधारात किराणावाले काका आले. त्यांनी मोबाइलवरून दोन टीबीचा पेन ड्राइव्ह कवडीमोलाने मागवला होता. भजनं भरता भरता जुनी भजनं नव्याखाली गडप झाली. "नकली हाय तुमची," ते म्हणाले. पण नकली माल आकडा फुगवून दाखवतो. कमी दाखवणारा नकली माल कोण कायले बनवंल?

लाइन आल्यावर विंडोजमधलं डिस्क मॅनेजमेंट उघडलं. चोर तिथेच बसला होता. एक निळी पट्टी, २०४८ जीबी. शेजारी काळी पट्टी, १६७८ जीबी, 'अनअलोकेटेड', म्हणजे पडीक जागा. तिच्यावर राइट क्लिक केलं तर नव्या व्हॉल्यूमचा पर्याय फिकट पडलेला. भाच्याने न वाचता उडवलेला प्रश्न होता, एमबीआर की जीपीटी? म्हणजे डिस्कवरच्या जागेचा हिशेब जुन्या पद्धतीने ठेवायचा की नव्या? एमबीआर ही १९८३ सालची पद्धत. तेव्हाच्या पीसीत १० एमबीची डिस्क म्हणजे श्रीमंती. सेक्टरचा, म्हणजे डिस्कवरच्या छोट्या कप्प्याचा नंबर लिहायला तिच्याकडे ३२ बिट्स, सेक्टर ५१२ बाइट्सचा. दोन टीबीपुढे तिला मोजताच येत नाही.

मग व्हॉल्यूम डिलीट, डिस्कवर राइट क्लिक, 'कन्व्हर्ट टू जीपीटी', नवा व्हॉल्यूम. डिस्क कोरी होती हे नशीब, नाहीतर या उपायात एखाद्याची हळद कायमची धुतली गेली असती.

३.६३ टीबी.

"अन बाकीचं?" बाबा.

"बाबा, कंपनी हजाराने मोजते. चार टीबी म्हणजे चारावर बारा शून्यं, तेवढे बाइट्स डिस्कवर आहेत. विंडोज दर टप्प्याला १०२४ ने भागतं, अन लिहितं मात्र टीबीच. माल तेवढाच आहे, जी."

"म्हणजे खाल्लं कोनं?"

"कोणीच नाही."

यावर बाबांचा विश्वास बसणं शक्य नव्हतं. काटा आहे, कटती आहे, अन खाणारा नाही, असा व्यवहार त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिला नाही. त्यातून मी फुशारकीने सांगून बसलो की हा फरक मापासोबत वाढतो: जीबीला सात टक्के, टीबीला नऊ.

"म्हणजे पोतं मोठं तशी कटती जास्त," बाबा म्हणाले. "व्यापारीच हाय थो."

हे सगळं किराणावाल्या काकांनी ऐकलं होतं. त्यांच्या पुतणीच्या लग्नाचं शूटिंग मीच केलं. बिल दिलं पंधरा हजारांचं. काकांनी नोटा मोजून हातावर ठेवल्या, तेरा हजार सहाशे पन्नास.

"काका, हे कमी आहेत."

"पुरे पंधरा हायेत," काका म्हणाले. "म्या विंडोजनं मोजले."