कुत्रा आणण्यापूर्वी टाळावयाचे विचार

कुत्रा आणायचा की नाही, याचा निर्णय मोबाईलवर पिल्लाचा फोटो पाहताक्षणीच झालेला असतो. त्यानंतर महिनाभर घरात जे चालते त्याला विचारविनिमय म्हणण्याची केवळ पद्धत आहे. या महिन्यात भलतेसलते विचार मनात येऊन मूळ निर्णयाला धक्का लागू नये, एवढ्याचसाठी हा प्रपंच.

सर्वप्रथम गणित टाळावे. कुत्रा साधारणपणे 10 ते 13 वर्षे जगतो, लहान चणीचा असेल तर 15 वर्षेही सहज काढतो, असे कोणी सांगितले तरी त्या आकड्याची बेरीज आपल्या वयात करू नये. मुलांच्या वयात तर मुळीच करू नये, कारण ‘मीच त्याला रोज फिरवीन, मीच त्याचे सगळे करीन’ अशी आज शपथ घेणारे दहा वर्षांचे लेकरू, कुत्रा म्हातारा होऊन त्याला जिना चढवेनासा होईल त्या सुमारास, शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी परगावी असेल आणि फोनवर तुमच्याआधी कुत्र्याची चौकशी करील. शपथ मात्र जरूर घ्यावी. ती लेखी घेतली तर पुढे पिल्लाला फाडायला एक कागद होतो.

जातीची निवड दिसण्यावरूनच करावी. बॉर्डर कॉलीच्या कित्येक पिढ्या मेंढ्यांचे कळप दिवसभर हाकण्यासाठी घडवल्या गेल्या, तेव्हा तो दोन खोल्यांच्या घरात आठ तास एकटा काय करील, ही शंका काढू नये. मेंढ्या नसल्या म्हणून त्याचे अडत नाही, तो आलेल्या पाहुण्यांच्या पोटऱ्यांना हलकेच दात लावत त्यांना दिवाणखान्याच्या एका कोपऱ्यात गोळा करून दाखवील. हस्कीच्या अंगावर केसांचे दोन थर असतात आणि आतला थर बहुधा वर्षातून दोनदा भरभरून झडतो. ज्यांच्याकडे गडद रंगाचे कपडे आहेत त्यांनी ते आजच कोणाला तरी देऊन टाकावेत. पग घोरतो तेव्हा फार गोड दिसतो. त्याचे नाक चपटे आणि श्वासाचा मार्ग अरुंद असल्यामुळे तो घोरतो आणि उन्हात त्याला धाप लागते, असले काहीतरी पशुवैद्य सांगतात, म्हणून पशुवैद्याला आधी भेटण्याची चूक करू नये.

पहिल्या काही महिन्यांविषयी मात्र जरा सविस्तर लिहिले पाहिजे. पिल्लाला शू किती वेळ आवरता येते याचा ढोबळ हिशेब असा, की जितके महिने वय, तितके तास. म्हणजे दोन महिन्यांच्या पिल्लाला दोन तास. आठ तास झोपण्याची सवय असलेल्यांनी हा हिशेबही टाळावा. पहाटे साडेतीन वाजता, पावसात, मानेत छत्रीचा दांडा धरून तुम्ही उभे असता, पिल्लू एकच ओले पान पाच मिनिटे तल्लीनतेने हुंगत असते, आणि हाताखालच्या लोकांवर दिवसभर डाफरणारे तुम्ही दबक्या आवाजात ‘कर ना राजा, कर लवकर’ अशी काकुळतीला येऊन विनवणी करीत असता. राजा काही करीत नाही. घरात परतून तुम्ही दाराची कडी लावता, तेव्हा तो पायपुसण्याच्या बरोबर शेजारी कार्यभाग उरकतो आणि शाबासकीसाठी तुमच्याकडे पाहतो.

याच काळात दातांचे प्रकरण सुरू होते. पिल्लाचे 28 दुधाचे दात साधारण सहा-सात महिन्यांपर्यंत पडून त्यांच्या जागी 42 कायमचे दात येतात आणि ही सगळी अदलाबदल घरातल्या वस्तूंच्या मदतीने पार पडते. आमच्याकडे चपलांपासून आरंभ झाला. प्रत्येक जोडातली फक्त डावी चप्पल खाल्ली गेल्यामुळे उजव्या चपलांचा एक सुरेख संग्रह आजही माळ्यावर आहे. पिल्लांच्या लसी सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, सुमारे 16 आठवड्यांपर्यंत द्याव्या लागतात. आमच्या पिल्लाने लसीकरणाच्या कार्डाचा नेमका पुढची तारीख लिहिलेला कोपरा खाल्ला आणि बाकीचे कार्ड व्यवस्थित ठेवले.

चॉकलेट, द्राक्षे, मनुका आणि कांदा कुत्र्याला विषारी ठरू शकतात, अशी यादी फ्रिजवर चिकटवावी असे जाणकार म्हणतात. चिकटवू नये. कुत्र्याला वाचता येत नाही, आणि ‘एवढ्याशाने काय होते?’ म्हणत त्याच्या तोंडात घास देणाऱ्या काकांना वाचायचे नसते.

सरतेशेवटी एक शहाणा तुम्हाला गाठून सुचवील, की आधी नुसता पट्टा विकत घ्या आणि तो रिकामा पट्टा हातात धरून सलग पंधरा दिवस, सकाळी अर्धा तास आणि रात्री अर्धा तास, फिरून या. जमले तर कुत्रा आणा. सल्ला वाजवी आहे. मी स्वतः तो पाळला. पहिले दोन दिवस नेमाने गेलो, तिसऱ्या दिवशी पाऊस होता म्हणून गेलो नाही, आणि चौथ्या दिवशी पिल्लू घेऊन आलो.