जिप्सी उंच करायचीय? मग मोजपट्टी फेकून द्या

"लिफ्ट (गाडी उंच करायचं किट) टाकल्यापासून साठच्या वर स्टिअरिंग नाचतं हो, टायर खराब असतील का?" हा प्रश्न या महिन्यात तिसऱ्यांदा ऐकला. तिन्ही गाड्या मारुती जिप्सी, तिघींचेही टायर नवे. तेव्हा पुन्हा पुन्हा उत्तरं देण्यापेक्षा जिप्सी उंच करण्याची सर्वमान्य पद्धत एकदाची लिहूनच टाकतो.

पहिली गोष्ट, काहीही मोजू नका. हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चारही कोपऱ्यांत मोजून लिहून ठेवणं हे भित्र्यांचं काम. १९८५ साली आली तेव्हापासून या गाडीला चारही बाजूंना पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) आहेत, आणि वीस-पंचवीस वर्षांत पाटे बसतात, तेही डावे-उजवे सारखे नाही. मोजलंत तर कळेल की किटने दिलेल्या दोन इंचांतला बराचसा भाग गाडी नवी असताना होताच. नुसती पाट्यांना कमान देऊन घेतली असती तरी भागलं असतं, असला विचार मनात आणायचा नाही.

लिफ्टमुळे डिफरेन्शियल, म्हणजे एक्सलवरचा तो लोखंडी गोळा, दगडांवर आपटणार नाही, अशी ठाम श्रद्धा ठेवा. एक्सल टायरवर उभा असतो, त्यामुळे पाटे कितीही उचला, तो होता तिथेच राहतो. २०५/७० आर १५ मापाचे टायर काढून २३५/७५ आर १५ चढवले तर व्यास सुमारे ६५ मिमी वाढतो आणि एक्सल ३३ मिमी वर जातो. हे टायर मडगार्डला घासू नयेत म्हणून लिफ्ट. स्पीडोमीटर ६० दाखवेल तेव्हा गाडी ६६ ने पळत असेल, तेवढंच समाधान.

कुणी एक्सल आणि पाट्याच्या मध्ये लोखंडी ठोकळा घालायला सांगितलं तर अवश्य घाला. पाटा एक्सलच्या वर असलेल्या गाडीत त्याने उंची वाढते. जिप्सीत पाटा एक्सलच्या खालून जातो, त्यामुळे गाडी तितकीच खाली बसेल. पैसे देऊन घ्यावा असा अनुभव आहे.

आता शॅकल, म्हणजे पाट्याचं एक टोक चेसिसला जोडणाऱ्या झुलत्या पट्ट्या. ती गल्लीतल्या वेल्डरकडूनच करून घ्या, दोन पट्ट्या कापायच्या आणि भोकं पाडायची, मध्ये आडवा आधार कशाला? चार इंच लांब केलीत की दोन इंच उंची मिळते, कारण शॅकल पाट्याचं एकच टोक ढकलतं आणि एक्सल असतो मधोमध. जिप्सीच्या पुढच्या पाट्याचं शॅकल पुढच्या टोकाला. ते लांब झालं की पाटा नाकावर झुकतो, त्याच्याबरोबर एक्सल पुढे लवंडतो आणि कॅस्टर जातो. सायकलचा चिमटा वरून मागे कललेला असतो म्हणून ती हात सोडूनही सरळ जाते ना, तोच कॅस्टर. तो गेला की साठच्या पुढे चाकं थरथरणारच! मग तुम्ही बॅलन्सिंग करता. मग अलाइनमेंट. अलाइनमेंटवाला टो (चाकं आत-बाहेर किती वळलीत तो कोन) जुळवून छापील कागद हातात देतो. सलग एक्सलच्या गाडीत कॅस्टर तिथे जुळवायला नटच नाही, हे तो सांगत नाही आणि तुम्ही विचारत नाही. मग पुढचे टायर मागे. मग थरथर दाबणारा स्टिअरिंग डॅम्पर. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी! (पुढचं चाक ज्यावर वळतं त्या किंगपिनचे बेअरिंग मात्र खरंच बघा. चाक उचलून वर-खाली धरून हलवा, खेळ लागला तर आधी ते.) आणि एवढ्या खर्चात काय आलं असतं? दोन पाचरी. स्टीलच्या, ॲल्युमिनियमच्या नव्हेत, त्या चिरतात. पाटा आणि एक्सलच्या पॅडमध्ये बसवायच्या, जाड बाजू पुढे. पुढे म्हणजे बंपरकडे! उलटी बसवलीत तर उरलासुरला कॅस्टरही गेला. शिवाय पाट्याच्या पट्ट्या मधोमध एकत्र धरणारा सेंटर बोल्ट लांब डोक्याचा घ्या, नाहीतर पाचरीची जाडी डोकं गिळते, ते पॅडच्या भोकात पुरेसं बसत नाही आणि एक्सल सरकतो. पुढच्या एक्सलला ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा कोन पाचरीने थोडा वाढतो, पण त्या शाफ्टवर जोर येतो तो फोर बाय फोरमध्येच.

पाटा एक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट जुनेच वापरा, आणि शंभर किलोमीटरनंतर पुन्हा आवळायचे असतात हे विसरा.

पाट्याच्या टोकांतल्या रबरी बुशचे बोल्ट गाडी जॅकवर लटकत असतानाच करकचून आवळा. रबर त्या स्थितीत पकडलं जातं, गाडी चाकांवर आली की कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. बुशवाल्याचंही पोट आहे.

शॉकअपही जुनेच चालतील. चाक खड्ड्यात उतरलं की पाट्याच्या आधी शॉकअप संपेल, मग त्याचा डोळा तुटेपर्यंत एक्सल त्यालाच लटकेल.

मागच्या प्रोपेलर शाफ्टची स्प्लाइन (एकमेकांत सरकणारा खाचांचा जोड) किती आत उरली, हे बघू नका. निसटला की आवाज येईलच.

गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करण्याबद्दलचं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ दुसऱ्यांच्या गाड्यांसाठी आहे. अपघातानंतर विमा कंपनीला हेच सांगा.

राहिला ब्रेक होज. त्या तिघींपैकी एका गाडीत तो ताणून इतका ताठ झालेला की ब्रॅकेटमधून सोडवून बाइंडिंग तारेने चेसिसला बांधलेला. तारेने! अहो, या गाडीत पोरंबाळं घेऊन तुम्ही वरंधा घाट उतरता. एलईडी बारला पैसे होते, स्नॉर्केलला होते, छतावरच्या कॅरियरला होते, आणि हातभर रबरी नळीला नव्हते? लाज वाटायला हवी, तुम्हालाही आणि गाडी तशी हातात देणाऱ्यालाही. चेसिसखाली स्टँड लावा, चारही चाकं लटकू द्या, स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा आणि खाली वाकून बघा. होज कुठेही ताणला जात असेल तर लांब होज टाका किंवा ब्रॅकेट खाली घ्या, मग चारही चाकांच्या ब्रेकमधली हवा काढा. अर्धा दिवस लागतो. आणि काढलेला होज तारेसकट भंगारात टाका, 'असू दे, स्पेअर' म्हणून सीटखाली सरकवू नका.